उपाशी कुरण

१२ फेब्रुवारी

गवतवाल्या बाई, म्हणजे कुरणातली रानफुलं मोजायला येतात त्या, त्यांनी सांगितलं म्हणून ही वही. गुरांच्या औषधवाल्यानं फुकट दिलेली आहे, पानापानावर एक गाय हसतेय. आमच्या गोठ्यात बावीस गाई आहेत, तीस वर्षांत एकीलाही मी असं हसताना पाहिलेलं नाही. बाई म्हणाल्या, "वरच्या कुरणात काय दिसलं ते रोज दोन ओळी लिहा." फेब्रुवारीत काय दिसणार डोंबल! चिखल दिसला. झाल्या दोन ओळी.

आता पेन हातात आहेच, तर बाईंना द्यायची वही वेगळी करीन आणि ही माझी राहू दे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा जून होता. घरामागचं वरचं कुरण फुलांनी नुसतं भरलं होतं. मधमाश्यांचा आवाज स्वयंपाकघरात यायचा. दोनच वर्षांनी आम्ही नवराबायकोनं ते नांगरलं, भरपूर येणारं चाऱ्याचं गवत पेरलं आणि दरवर्षी दाणेदार खत घातलं. पिशव्या मीच फोडायचे. दूध वाढलं, फुलं गेली. तेव्हा मला त्याचं काही वाटलंही नाही.

हे जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर मी एकच गोष्ट मागितली, ते कुरण पुन्हा पहिल्यासारखं करायचं. अर्धी जमीन भावजींची, म्हणजे माझ्या दिराची. रस्त्याच्या वळणावर त्यांचं घर आहे आणि आमचं यंत्राचं सगळं काम तेच करतात. ते म्हणाले, "तीन उन्हाळे, वहिनी. बाईंच्या मोजणीत वीस जातींची फुलं भरली तर कुरण तुमचं. नाही भरली तर मी नांगर घालणार." पहिल्या उन्हाळ्यात नऊ भरल्या, दुसऱ्यात अकरा. हा तिसरा.

१४ फेब्रुवारी

इथला इलाज म्हणजे काहीच न करणं. खत नाही, शेण नाही. माजलेली जमीन नुसतं गवत पोसते आणि ते गवत बाकी कुणाला डोकं वर काढू देत नाही. म्हणून जमीन भुकी ठेवायची. उशिरा कापायचं, बी पडू द्यायचं, कापलेलं सगळं उचलून न्यायचं, मग थोडे दिवस गाई सोडायच्या. शिवाय बाईंनी एक बी पेरलंय, शेंगा वाळल्या की वाजतात म्हणून त्या त्याला खुळखुळा म्हणतात. ते गवताच्या मुळांना चिकटून त्यांचाच रस पितं आणि गवताचा माज उतरवतं. असा एक खुळखुळा काही माणसांसाठीही मिळायला हवा होता.

२० फेब्रुवारी

मामंजींच्या गाडीच्या चाकाला तेल घातलं.

मामंजी चौऱ्याऐंशीचे. थोरला मुलगा गेल्यापासून बोलणं फार कमी झालंय. नुसते बसून राहायचे, ते बघवेना, म्हणून सव्वा वर्षापूर्वी, मागच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला मी त्यांना हलकी एकचाकी गाडी आणून दिली. म्हटलं, "अंगणातलं शेण तेवढं उकिरड्यावर टाकत जा." तेव्हापासून रोज सकाळी, मी यंत्रावर दूध काढत असते तेवढ्यात अंगण लख्ख. माझं दूध आटपतं तोवर ते बूट धुऊन चहाला बसलेले असतात. जन्मभर शेण फोडून, बारीक करून वाफ्यावर पसरणारे हात आहेत, त्यांना काम हवंच.

चाक कुरकुरत होतं. तेल घातलं तर माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बरं केलंस, पोरी." डोळ्यांत पाणी. चार थेंब तेलाचं एवढं काय? म्हातारपण, दुसरं काय.

३ मार्च

मामंजींच्या खोलीच्या खिडकीतून कुरण दिसतं. आज चहा न्यायला गेले तर तिकडेच बघत होते. म्हणाले, "उपाशी आहे ग." मला वाटलं, आटलेली गाय. तिचा खुराक मी मुद्दाम कमी केलाय, विण्याआधी फार सुटू नये म्हणून. म्हटलं, "देते तिला अजून पेंढीभर." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी म्हातारी आणि भ्रमिष्ट. मग हसले आणि म्हणाले, "दे, तिलाही दे."

१९ मार्च

भावजी मक्याच्या शेतासाठी शेणखत न्यायला आले. पूर्वी पंधरा खेपा व्हायच्या, गेल्या वर्षी बारा झाल्या, यंदा नवातच उकिरडा संपला. मी म्हटलं, पावसानं बसला असेल. त्यांनी भिंतीला टेकवलेल्या मामंजींच्या गाडीकडे बघितलं, मग वर कुरणाच्या फाटकाकडे बघितलं, आणि म्हणाले, "असू दे." चहा केला होता, तो न घेताच गेले. हा माणूस मला कधीच कळला नाही. ह्यांच्यासारखा तोंडाचा मोकळा असता तर बरं झालं असतं.

८ एप्रिल

हिवाळाभर बाईंनी तुडवायला मनाई केली होती, लांबूनच बघायचे. आज पहिल्यांदा कुरणात नीट फिरले आणि हबकले. खालचा अर्धा भाग काळपट हिरवा, गवत घोट्याच्या वर. मधेमधे ते पायाला लागलं की आग करणारं तण, बेटंच्या बेटं. खुळखुळा फक्त वरच्या टोकाला, तिथे गवत विरळ आहे आणि बारीक बारीक पानं फुटलीत. तीन वर्षं उपाशी ठेवलेली जमीन अशी टरारून कशी येते? बाईंना फोन केला.

१० एप्रिल

बाई आल्या. गुडघे टेकून बसल्या, दहा ठिकाणची माती पिशव्यांत भरली. जाताना म्हणाल्या, "गाई किती दिवस सोडल्या होत्या?" मी म्हटलं, तुम्ही सांगितले तेवढेच, मोजून तीन आठवडे. "मग गाईंचं नाही हे," म्हणाल्या.

२१ एप्रिल

मातीचा निकाल आला. वरच्या टोकाची माती हवी तशी हलकी. खालची, बाई म्हणाल्या, उकिरड्यासारखी. "कुणीतरी शेण घालतंय. सांडलेलं नाही हे, बारीक करून, सारखं पसरलेलं. जाणत्या हाताचं काम आहे."

फोन ठेवला आणि मला एका क्षणात सगळं दिसलं. नांगर कुणाला घालायचाय? शेण पसरायचं यंत्र कुणाकडे आहे? खेपा कमी भरल्या तेव्हा मूग गिळून कोण गेलं? मी इतकी वेडी की त्या माणसाला चहा ठेवत होते.

२२ एप्रिल

भावजींकडे गेले. ते यंत्राला वंगण घालत होते. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहवत नाही. रस्त्यानं जाणारा एक माणूस थांबून ऐकत होता, एवढं लिहिते.

ते मधे एकदाच म्हणाले, "बाबा कुठे आहेत आत्ता?"

"घरी. कुठे असणार? त्यांना मधे आणू नका."

"त्यांना बोललात यातलं काही?"

"काय म्हणून बोलू? त्यांच्या धाकट्याचे प्रताप ऐकून त्यांना काय बरं वाटणार आहे?"

मग त्यांनी चिंधीला हात पुसले. एकेक बोट पुसत बसले. आणि खाली बघूनच म्हणाले, "हो. मीच घातलं. बाबांना काही विचारू नका. मला कुरण हवं होतं. लिहा तुमच्या वहीत."

मी म्हटलं, भाऊ मेला आणि तुम्ही त्याच्या बायकोच्या हातचं एवढंसं सुख ओरबाडून घेताय. आमच्या अंगणात पुन्हा पाय ठेवू नका. ते "बरं" म्हणाले. माझा राग असा आहे की समोरच्यानं भांडावं लागतं. नुसतं "बरं" म्हटलं की तो आतच फिरत राहतो. खरं तर हलकं वाटायला हवं होतं.

२९ एप्रिल

पहिलटकरीण कालवड अडली. वासराचा एक पाय मागे राहिलेला. हे काम दोघांचं, एकानं डोकं मागे ढकलायचं, दुसऱ्यानं पाय पुढे आणायचा. इतकी वर्षं दुसरा माणूस म्हणजे भावजीच. हाक मारली की सात मिनिटांत दारात. फोन हातात घेतला, नंबर लावला आणि तोडला. डॉक्टरांना बोलावलं, त्यांना यायला पाऊण तास लागला. कालवड वाचली. वासरू मेलं. गोऱ्हं नव्हे, पाडी होती, कपाळावर पांढरा ठिपका.

मामंजी दारात काठी टेकून उभे होते. "धाकटा का नाही आला?"

"कामात आहेत."

"माझ्या धाकट्याला गाईपेक्षा मोठं काम कधीपासून आलं?"

वासरू माझ्या हेक्यानं मेलं, हे इथे लिहून ठेवते. दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

६ मे

मामंजी पडले. दूध काढून बाहेर आले तर अंगणात नाहीत, गाडीही नाही. वरच्या कुरणाच्या फाटकाशी सापडले, कुशीवर पडलेले, गाडी उलटलेली आणि शेण सगळं वाटेवर. त्या अंगाला उकिरडा नाहीच मुळी, उकिरडा गोठ्यामागे. बिचाऱ्यांना वाट उमगेनाशी झाली असणार. मी त्यांना एकटं सोडायला नको होतं.

खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणतात, हृदय शस्त्रक्रिया सोसणार नाही, घरीच ठेवा. खाट खिडकीशी सरकवली. लेकीला फोन केला, ती शनिवारी येते म्हणाली. "काकांना कळवलंस ना, आई?" तिनं विचारलं. कळवलं, एका ओळीचा निरोप पाठवून. मी भांड्यांना गेले की ते येऊन वडिलांजवळ बसतात आणि मी यायच्या आत जातात. अंगणात पाय ठेवू नका म्हटलं होतं ना, मागच्या दारानं येतात.

११ मे

दार लावून लिहितेय.

सकाळी मामंजींचं अंग पुसत होते. म्हणाले, "पाच दिवस झाले. वरचं उपाशी आहे."

म्हटलं, "कोण उपाशी, मामंजी?"

"कुरण ग. माझी गाडी नाही गेली ना पाच दिवस."

मी हातातला ओला कपडा तसाच धरून उभी. ते हळूहळू बोलत होते, मधे दम घेत. "थोरला गेला आणि तू त्या जमिनीला काही घालायचं सोडलंस. खत नाही, शेण नाही. माणूस दुःखात असला की राहून जातं. मी म्हटलं, पोर एकटी, किती करणार? बोलून कशाला लाजवायचं? गाडी होती तू दिलेली. दोन हिवाळे रोज एक खेप केली. खालून सुरुवात केली. वरपर्यंत काही जमलं नाही, चढाला छाती भरून येते."

मग माझा हात धरला. "तू कधी बोलली नाहीस. पण चाकाला तेल घातलंस ना, तेव्हा मला कळलं, तुला सगळं ठाऊक आहे."

मी म्हटलं, "हो, मामंजी. ठाऊक होतं."

दुसरं काय म्हणणार होते?

१२ मे

भावजींकडे गेले. दारातच उभी राहिले. म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"हिवाळ्यात एकदा लवकर दूध न्यायला आलो होतो. धुक्यात चढावर दिसले. दहा पावलं चालायचे आणि थांबायचे."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गाडी काढून घेतली असती."

घेतली असती. खोटं कशाला बोलू.

"आणि बाबांना काय सांगणार होतो?" ते म्हणाले. "की तुमच्या एवढ्या मेहनतीनं वहिनींचं काम बिघडतंय? माणसाकडे एकच काम उरलं होतं."

वासराचं बोलले मी. माफी मागितली. ते म्हणाले, "पाडी होती का?" हो म्हटलं. त्यावर ते आत गेले आणि पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला. मी तिथेच पायरीवर बसून रडले. कुरणाचं काय करायचं ते त्यांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही. मोजणीला महिना आहे आणि खालच्या अंगाला काय उगवणार ते मला दिसतंय.

१५ मे

मामंजी रोज विचारतात, "घातलंस?" मी रोज सांगते, घातलं. आज म्हणाले, "हाताला वास नाही तुझ्या."

म्हणून दुपारी रिकामी गाडी घेतली आणि त्यांच्या खिडकीसमोरून फाटकापर्यंत नेली, दिसेल अशी. फाटकाआड थोडी थांबले आणि परत आले. मला वाटलं, जमलं. खोलीत गेले तर भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"रिकामी गाडी दगडादगडावर उड्या मारते, पोरी," ते म्हणाले. "भरलेली मुकाट जाते. मला आंधळा समजतेस का?"

१६ मे

गाडी भरली. ताजं नव्हे, मुरलेलं घेतलं, ते म्हणतील तसं. खिडकीसमोर त्यांनी सांगितलं तिथे ओतलं, हातानं फोडलं आणि बारीक करून पसरलं. तीन वर्षं ज्या जमिनीवर मी गाईला एक दिवस जास्त उभं राहू दिलं नाही, त्या जमिनीवर. खिडकीतून आवाज आला, "अजून बारीक!" अजून बारीक केलं.

आत आले, हात पुढे केले. त्यांनी वास घेतला आणि मान डोलावली. जेवले बऱ्यापैकी.

२७ मे

रोज एक गाडी. आजची पण टाकली. विचारलं नाही त्यांनी, तरी टाकली. नुसते बघत होते.

३० मे

मामंजी पहाटे गेले. मी गोठ्यात होते, यंत्र चालू होतं. भावजी जवळ होते, एवढं बरं झालं. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. गाईंना कळत नाही कुणाचं काय, संध्याकाळी त्या हंबरल्या, मी दूध काढायला गेले.

१८ जून

मोजणी. बाईंनी लाकडी चौकट दहा ठिकाणी टाकली. भावजी फाटकाशी उभे होते, आत आले नाहीत. खालच्या सहा जागांत चार जाती, त्यातली एक ते आग करणारं तण. वरच्या चार जागांत मात्र काय होतं! खुळखुळा पिवळाधमक, जांभळे गोंडे, पांढऱ्या छत्र्या, आणि एक निळसर फूल, ज्याचं नाव बाईंनाही पुस्तकात बघावं लागलं. मधमाश्या होत्या. मी तिथेच बसून घेतलं.

सगळ्या मिळून सतरा. वीस नाहीत.

बाई म्हणाल्या, त्या मोजणीच्या कागदावर कारण लिहितील, भावजींकडे अजून दोन वर्षं मागता येतील. मी म्हटलं, "नको. ठरलं होतं तसं होऊ दे." खालच्या अंगाला आता वीस वर्षं उपाशी ठेवलं तरी ते शेण जिरायचं नाही, हे त्यांनीच सांगितलंय. आणि कारण म्हणून मी मामंजींचं नाव कुठल्या कागदावर येऊ देणार नाही.

२४ जून

भावजी ट्रॅक्टर घेऊन आले. फाटकाशी थांबवला, बंद केला आणि खाली उतरले. "वहिनी, कुठवर?"

मी म्हटलं, "सगळंच ना? ठरल्याप्रमाणे."

"मी विचारतोय कुठवर."

चार खुंट्या आणि हातोडा घेतला आणि दोघं चढ चढून गेलो. कुठवर ते विचारायची गरजच नव्हती. काळपट गवत जिथे संपतं तिथे कुणी रेघ मारावी तसं संपतं आणि फुलं सुरू होतात. रेघ सरळ मात्र नाही. एके ठिकाणी बरीच वर गेलीय, तो पहिला हिवाळा असणार, तेव्हा छातीत दम होता. एके ठिकाणी गवताचा गोल दाट ठिपका आहे, खाटेएवढा. भावजी म्हणाले, "इथे गाडी टेकवून बसायचे." आणि स्वतःच तिथे बसले. मी दुसरीकडे तोंड करून उभी राहिले, त्यांना पुरेसा वेळ दिला.

मग खुंट्या रोवल्या. खालच्या अंगाला चाऱ्याचं गवत असं येईल की गाई खाऊन थकतील. त्या बाबतीत मामंजींचं काहीच चुकलं नव्हतं. तीन खुंट्या मी बरोबर रेघेवर ठोकल्या. चौथी घेऊन चार पावलं वर गेले आणि तिथे ठोकली.

भावजींनी बघितलं. "वहिनी, इथे फुलं आहेत."

"दिसतायत मला."

"इथवर बाबा पोचले नव्हते."

"पोचायचं होतं त्यांना," मी म्हटलं. "नांगरा."